भोगीच्या आधी शॉवर

३० डिसेंबर २०२४, सोमवार

मापांची वही मागच्या बाजूने लिहायला घेतली. पुढून गावातल्या बायकांची मापं, मागून माझी.

आज शॉवरच्या कॉकने राम म्हटला. महिनाभर थेंब थेंब गळत होताच, आज मूठच फिरेना. अर्धी उघडी, अर्धी बंद, आणि पाणी धड वरून पडत नाही, धड थांबत नाही. शेवटी गच्चीवर जाऊन सोलरची लाइन बंद केली. नळवाला आला, मुठीला दोन हिसके दिले आणि पाच मिनिटांत निकाल सांगून मोकळा झाला.

"वहिनी, हा माल कंपनीनं बंद केला. भित फोडा लागते. संक्रांत झाली का येतो."

"नुसतं आतलं काही बदलून होणार नाही का?"

"तेवढ्या झंझटीत कोण पडते? नवीन बसवा, मोकळे व्हा."

त्याच भिंतीवर मामाजींची दांडी आहे, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला आणि उजवा हात-पाय गेला. डाव्या हाताने ते दांडी धरून खुर्चीवर बसतात, म्हणून अंगावर पाणी घ्यायला तांब्या धरायला हात उरत नाही. यासाठीच शेखरने, माझ्या नवऱ्याने, शॉवर बसवला होता. कॉक उघडायचा, दांडी धरायची आणि पाणी आपसूक अंगावर. भिंत फोडली की दांडीही जाणार, टाइल्सही जाणार आणि तसल्या टाइल्स आता अख्ख्या लोणारात मिळायच्या नाहीत.

मला "नवीन बसवा" हे ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. माझं शिलाई मशीन तेवीस वर्षांचं आहे. आधी माझ्या आईचं होतं, आता माझं आहे, आणि त्याचा एकेक स्क्रू मी हाताने काढलेला आहे. कॉक म्हणजे तरी काय, पितळेचं मशीनच. ठरलं! मी खोलणार.

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष, नवीन धंदा! मुठीच्या टोकाला एक टिकली असते हे मला माहीतच नव्हतं. नखाने उचकटली तर खाली स्क्रू. मशीनचा छोटा पेचकस बरोब्बर बसला. इतका आनंद झाला की आईंना (सासूबाईंना) पोळ्या टाकता टाकता ओढून आणून दाखवलं.

"अवं, काय दाखवून राह्यली? भोक हाय ते," आई म्हणाल्या.

स्क्रू मात्र जाम. मी उजवीकडे जोर लावला की बाहेर ओसरीत मामाजींना खोकल्याची उबळ यायची. डावीकडे लावला की थांबायची. बाथरूमच्या दारातून वारा जात असणार. दार लोटून घेतलं, तरी खोकतातच. शेवटी डावीकडे फिरवला आणि स्क्रू निघाला. मूठ हातात!

संध्याकाळी आलं-गवती चहाचा काढा केला. मामाजींनी तो घेतला, पण तोंड असं केलं की विचारू नका.

३ जानेवारी, शुक्रवार

मुठीखाली ताटली, ताटलीखाली भिंतीत खोल एक नट. साधा पाना पोचत नाही. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरच्या पेटीत नळीचा पाना निघाला आणि तो चपखल बसला! पण नट म्हणतो मी हलत नाही. सगळीकडे पांढरा थर, बोअरच्या पाण्याचा, चुना थापल्यासारखा. मी लोंबकळले, पाय भिंतीला लावून ओढलं, काही नाही. बाहेर खोकला चालूच.

मामाजींचं एकूण बिनसलेलंच आहे. सोमवारपासून आंघोळ नाही. थंडी आहे म्हणतात. म्हणजे मला नाही म्हणत, ते माझ्याशी थेट बोलतच नाहीत. चार वर्षं झाली लग्नाला, पण सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही ही त्यांची जुनी रीत. काही हवं असलं की मनीला सांगतात. मनी म्हणजे आमची मांजर. "मनी, चहा झाला का पाह्य बरं," असं. मनी जागची हलत नाही, चहा मीच नेऊन देते.

आता जेवायलाही आमच्यात बसत नाहीत. ताट घेऊन ओसरीच्या टोकाला जातात. भाजी तिखट होत असेल, म्हणून आज मिरची कमी घातली.

४ जानेवारी, शनिवार

नट तसाच. तेल सोडलं, गरम पाणी सोडलं, पिनने थर खरवडला. बोटं सोलली. तरी मजा येते आहे. ब्लाउज शिवताना एवढी मजा कधी आली नाही, खोटं कशाला बोलू?

मामाजी विसरभोळे झालेत. हरभऱ्याच्या आंबेची, म्हणजे झाडावरच्या आंबट दवाची बाटली, त्यांची पोटदुखीची, बाथरूमच्या उंबऱ्यावर ठेवून गेले. मी उचलून फडताळात ठेवली. दुपारी पुन्हा तिथेच! पुन्हा उचलली. संध्याकाळी तिसऱ्यांदा तेच. डॉक्टरांना विचारायला हवं, लकव्याने स्मरणावर परिणाम होतो का.

५ जानेवारी, रविवार

शेखर जालन्याहून आला. तो कंपनीत असतो आणि रविवारचा येतो. आल्या आल्या बाथरूम पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पूनम, हे काय मांडून ठेवलंस?"

"दुरुस्ती."

"नळवाला सांगून गेला ना, भिंत फोडावी लागते म्हणून?"

"नळवाल्याने पाच मिनिटं पाहिलं. मी पाच दिवस पाहते आहे."

मग तो बापाकडे वळला. "बाबा, परसात पाणी काढतो. मी घालतो तुम्हाला आंघोळ. बसा खुर्चीवर."

"नोको. थंडी हाय."

परसात लख्ख ऊन होतं आणि मामाजी नुसत्या बनियनवर बसले होते. म्हणे थंडी! शेखर म्हणाला, मग आई घालेल. त्यावर त्यांनी अशी मान फिरवली की शेखरने बादली परत ठेवून दिली. आईंनी ओल्या फडक्याने अंग पुसून देते म्हटलं, तर तेही नको. म्हातारी माणसं हट्टी असतात, दुसरं काय. सहा दिवस झाले, देवपूजाही आईच करतात.

आठ दिवसांवर भोगी आहे. न खाई भोगी तो सदा रोगी, आणि त्या दिवशी तीळ लावून डोक्यावरून पाणी घ्यायचं. दर वर्षी मामाजी पहिले. मी शेखरला म्हटलं, भोगीला बाबा याच शॉवरखाली आंघोळ करतील. तो म्हणाला, नाही झालं तर संक्रांतीनंतर भिंत फुटलीच समज, मी नळवाल्याला शब्द दिलाय. जाताना बापाच्या पाया पडायला वाकला, तर मामाजी चक्क दोन पावलं मागे सरकले.

७ जानेवारी, मंगळवार

काय दिवस!

सकाळी माझा पेशन्स संपला. छिन्नी आणि हातोडी आणली. ठरवलं की नटाच्या कोपऱ्यावर चार ठोके घालायचे, हलला तर हलला. छिन्नी टेकवली, हातोडी उगारली. बाहेर खोकला असा उसळला की वाटलं काढा दुप्पट करावा लागणार. मी पहिला ठोका घालणार तेवढ्यात—

"पूनम! थांब!"

हातोडी सुटून पायावर पडली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली. दारात उभे होते, भिंतीला टेकून. डोक्यावर पदर घ्यायचंही मला सुचलं नाही.

"छिन्नी मारशीन तं भितीतलं पितळ तडकंन. मंग खरंच फोडा लागते भित."

"मग काय करू, मामाजी? हलतच नाही."

"ती आंबेची बाटली मी तीनडाव तिथं ठेवली. तू तीनडाव उचलून नेली."

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मले लकवा झाला. याद शाबूत हाय माही."

इतकी लाज वाटली! मग बहुधा आपण सुनेशी बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तोंड फिरवलं, आणि उरलेलं सगळं मनीला सांगितलं. "मनी, पितळेच्या घागरीवरचा थर आंबेनं निंघते. पंप आणि इंजिनाचे जाम झालेले नट आम्ही आंबेनंच सोडवत होतो. फडकं भिजवायचं, नटाले गुंडायचं आन् वाट पाह्याची."

मामाजींनी शेती करता करता पंचक्रोशीतल्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त केली आहेत, हे मला माहीत होतं. पण ते इंजिन, हा शॉवर, म्हणून विचारायचं डोक्यातच आलं नाही. शहाणी मी!

बाटलीत कपभरच आंब होती. फडकं भिजवून गुंडाळलं. थर फसफसला, पांढरं पाणी ओघळलं. नट हलला नाही, पण फसफसला! अजून आंब हवी. मामाजी मनीला म्हणाले, ताजी लागंन.

खोकला मात्र संध्याकाळपासून एकदम गेला. काढा लागू पडला एकदाचा.

८ जानेवारी, बुधवार

शेजारच्या तानुबाईंचा हरभरा आमच्या घरामागेच आहे, फुलावर आलेला. काल दिवेलागणीला अस्तराचं दोन मीटर पांढरं कापड त्यावर पसरून आले होते. आज दिवस उगवायच्या आत आई आणि मी गेलो. धुकं इतकं की बांधही दिसेना. कापड दवाने जड झालेलं. आम्ही दोघी दोन टोकं धरून पिळायला लागलो आणि पातेल्यात आंबेची धार. बोटांच्या सोललेल्या जागा अशा झोंबल्या की मी नाचायलाच लागले.

तानुबाई उठून आल्या. "कोणाचं पोट दुखून राह्यलं व?"

"शॉवरचं," मी म्हटलं.

त्यांनी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "माही सून इंजिनियर हाय." आणि मग आम्ही तिघी त्या धुक्यात खो खो हसलो. कापड आणखी दोन जागी पसरून पिळलं आणि पातेलं निम्मं भरलं.

दिवसभर दर तासाला फडकं बदललं. मामाजींनी ओसरीतून घड्याळ सांभाळलं. "मनी, तास झाला."

९ जानेवारी, गुरुवार

निघाला! निघाला! निघाला!

सकाळी नऊ वाजता. पाना लावला. मामाजी दाराबाहेर खुर्चीवर, पाठ माझ्याकडे, मनी मांडीवर. "मनी, एकदम जोर नाही लावा लागत. जरासं मांगं, जरासं पुढं. मांगं, पुढं." मी तसंच केलं. चौथ्यांदा आतून कर्र आवाज आला. मी किंचाळले. आई पोळपाट सोडून धावत आल्या. नट गोल गोल फिरत बाहेर आला आणि त्याच्यासोबत आतला दांडा, ज्याला नळवाला स्पिंडल म्हणतो.

तो हातात घेतला तेव्हा मला रडू आलं. एवढ्याशा वस्तूसाठी भिंत फोडणार होते! टोकाचं रबर, वायसर, उंदराने कुरतडल्यासारखं एका बाजूने झिजलेलं आणि नटातली गोल रिंग कडक होऊन तुटलेली. बाकी पितळ ठणठणीत.

दांडा वाटीत आंबेत टाकला. मामाजींनी डावा हात मागे केला, म्हणजे दाखव. मी वाटी हातात दिली. त्यांनी बोटाने दांडा फिरवला, पेचाच्या आट्यांवरून नख फिरवलं. मग माझ्याकडे वळून, मनीकडे नाही, म्हणाले, "अर्धा तास बस. जादा ठेवलं तं पितळ लाल पडते."

नकळत मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. त्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांनी खुर्ची हातभर मागे सरकवली. रीतच ती.

१० जानेवारी, शुक्रवार

बाजारात फिरून तंगड्या तुटल्या. नळाच्या तिन्ही दुकानांत एकच उत्तर, सुटं मिळत नाही, अख्खा कॉक घ्या. एक जण तर म्हणाला, ताई, असं जुनं कोणी उघडते का आता? मी म्हटलं, मी उघडते.

मग फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या पुंजाजींकडे गेले. त्यांनी तुटकी रिंग दोन बोटांत धरली, डोळे मिटून चोळली आणि डब्यातून तशीच एक काढली. "हे तं आपल्या पंपाचीच रिंग हाय, बाई." वायसरही तिथेच निघाला, वापरलेला नाही, कोरा. मी इतकी हसले की त्यांना वाटलं मी त्यांनाच हसते आहे. चहा पाजून निघाले.

११ जानेवारी, शनिवार

बसवलं. पण सरळ नाही. नट आवळायला लागले आणि निम्म्यावर अडकला. मनी गच्चीवर गेली होती आणि मामाजींना पुन्हा तोच खोकला. काळजीच वाटली. पाना ठेवला, काढा करून दिला. परत आले तर दांड्याला माझा धक्का लागून तो उघड्या बाजूला फिरून वर आला होता. आता आवळला तर नट लोण्यासारखा आत गेला! मशीनवरही असंच होतं, सुई वर असली तरच कापड दाबणारा फूट बसतो.

गच्चीवर जाऊन लाइन उघडली. खाली धावत आले. कॉक बंद. एक थेंब नाही. पाच मिनिटं उभी राहून पाहिलं. एक थेंब नाही! मूठ लावली, फिरवली. इतकी हलकी की करंगळीने फिरते. पाणी वरून धबाधबा, मी नखशिखांत ओली, अंगावर शाल असताना.

आई म्हणाल्या, "पागल झाली का व?" झाले.

१२ जानेवारी, रविवार

शेखरने आल्यावर मूठ दहा वेळा उघडली, दहा वेळा बंद केली. मग नळवाल्याला फोन केला, येऊ नका म्हणून. नळवाल्याने विचारलं, कोणाकडून केलं? शेखर म्हणाला, "घरातच मेकॅनिक आहे." मी स्वयंपाकघरात होते, पण ऐकलं सगळं.

शेखर मामाजींना म्हणाला, बाबा, घ्या आंघोळ, झालं सुरू. मामाजी म्हणाले, उद्या. भोगीले. चौदा दिवस थांबले, अजून एक दिवस. आता थंडीचं मात्र काही बोलले नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

आईंनी पहाटेच तीळ वाटले. मामाजी उजाडताच उठले, कोरं धोतर आणि टॉवेल खांद्यावर टाकून एकेक पाऊल ओढत बाथरूमकडे निघाले. तिळाची वाटी त्यांनी स्वतः डाव्या हातात घेतली. आई मागे गेल्या. दारात त्यांनी आईंकडे पाहिलं. आई तिथेच थांबल्या. दार लागलं. आतून कडीचा आवाज आला. मग पाण्याचा.

आम्ही दोघी बाहेर बसलो. मी आनंदाने म्हटलं, "चला, गेली एकदाची थंडी."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "थंडी काह्याची, पूनम? त्याइले आंघोळ कोणी घातलेली चालत नाही. दवाखान्यातून आले तवा मी एकडाव घातली होती. पाणी टाकलं, न् हा माणूस भितीकडं तोंड करून रडला व. माह्यासमोर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तवापासून मी दारातच थांबते."

ओसरीच्या टोकाला नेलेलं ताट, मागे सरकवलेली खुर्ची, शेखर पाया पडायला वाकला तेव्हाची ती दोन पावलं. वास येईल म्हणून! आणि मी भाजीतली मिरची कमी करत बसले. चौदा दिवस या वहीत थंडी, हट्ट, रीत असं लिहीत राहिले. मला स्वतःचा इतका राग आला आणि त्याच वेळी आतून पाण्याचा आवाज येत होता म्हणून इतका आनंदही झाला की दोन्ही एकदम आवरेना. मी आईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई माझ्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

तेवढ्यात आतून जोरात हाक आली. "पूनम!"

मी ताडकन उठले. काय गळलं, काय निसटलं? "काय झालं, मामाजी? दार उघडू का?"

"नोको! मुठीचा स्क्रू थोडासा ढिला हाय. पेचकस लावजो."

"आत्ता आणते."

"आत्ता नाही. आत्ता माही आंघोळ चालू हाय."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी उभीच राहिले. आत पाणी पडत होतं, वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग ते काहीतरी गुणगुणायला लागले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. हळूहळू धार बारीक झाली आणि मग थांबली. कॉक बंद केला म्हणून नाही. सोलरची टाकी संपली होती. खालची टाकीही रिकामीच, आणि बोअरचा पंप चालवायला आमच्याकडची लाइट संध्याकाळी सहाला येणार.

भोगीचा दिवस, आणि घरातल्या दोन्ही बायका बिनआंघोळीच्या. मामाजी ओल्या केसांनी बाहेर आले, थेट देवघरात जाऊन बसले आणि आम्हाला आंघोळ का नाही हे कुणीही त्यांना सांगितलं नाही.